‘जुनी फिल्म आहे काका, अशीच असते’

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. खोटी नोट हातात आली की डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं. त्यामुळे चार्ली चॅप्लिनच्या फिल्मचा बनावट डीव्हीडी सेट घेऊन फसलो, हे लिहायला लाज वाटते. पण ओळखीतल्या आणखी दोघांनी त्याच विक्रेत्याकडे चौकशी केल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

चार्ली चॅप्लिनच्या सुरुवातीच्या छोट्या फिल्म एकत्र घरात असाव्यात ही माझी जुनी हौस. १९१४ साली कीस्टोन कंपनीत केलेल्या, १९१५ च्या एसने कंपनीच्या आणि १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या बारा. परदेशात त्यांचे उत्तम संच निघालेले आहेत. इटलीतल्या बोलोन्याची सिनेतेका म्हणजे फिल्मसंग्रहालय, पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स, लंडनची ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या मंडळींनी ठिकठिकाणच्या प्रिंटा गोळा केल्या, एकीतला चांगला तुकडा दुसरीला जोडला आणि फिल्म पुन्हा उभ्या केल्या. ते संच इथे मागवायचे म्हणजे टपाल, कस्टम, आणि पेटी चेपून येण्याची धास्ती. अशात एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: ‘चॅप्लिन १९१४ ते १९१७, संपूर्ण, रिस्टोअर्ड, ओरिजिनल बॉक्स, एकच सेट शिल्लक.’ किंमत ६,५०० रुपये. फोनवर माणूस गोड बोलला. “काका, तुमच्यासारख्या दर्दी माणसाकडेच जायला हवा हा सेट.” झालं. यूपीआयने पैसे पाठवले.

यादी मी त्याच वेळी नीट वाचली असती तर तिथेच थांबलो असतो. तिच्यात ‘हर फ्रेंड द बँडिट’ होती. १९१४ च्या या फिल्मची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. जी फिल्म जगात कुणाकडेच नाही, ती पुण्यात पार्सलने यायची होती. हे मला माहीत होतं, पण ‘संपूर्ण’ या शब्दाने डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

पार्सल आलं. पेटीवरचं चित्र रंगीत प्रिंटरवर काढलेलं, कडेला कात्रीचा वाकडा काप. डिस्क उलटी करून खिडकीपाशी धरली तर खालची बाजू जांभळट. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चंदेरी असते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक कोरलेले आकडे दिसतात. जांभळी झाक म्हणजे कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर ‘बर्न’ केलेली. तरी मनाची समजूत काढली, की आतला माल चांगला असेल.

‘ईझी स्ट्रीट’ लावली. त्यातला तो प्रसंग आठवत असेल: चार्ली हवालदार झालाय, समोर राक्षसासारखा एरिक कॅम्पबेल. तो ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा वाकवतो आणि चार्ली पटकन तोच दिवा त्याच्या डोक्यावर ओढून गॅस सोडतो. माझ्या डिस्कवर चौकट वरून कापलेली. कॅम्पबेल कपाळाशी संपतो, दिव्याचा वरचा भाग गायब. खालून बूट कापलेले. चॅप्लिनच्या फिल्ममध्ये बूट कापणं म्हणजे तमाशातून ढोलकी काढणं. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन होता, कुठल्याशा चॅनेलचा लोगो पुसून झालेला. चार्ली त्या कोपऱ्यात गेला की त्याची टोपी विरघळायची, बाहेर आला की परत यायची. त्यावर ‘ढिशुम’, ‘टुंग’ असे आवाजही होते. म्युच्युअलच्या या फिल्मना १९३२ च्या सुमारास संगीत आणि आवाज चिकटवून पुन्हा बाजारात आणलं गेलं होतं, ती ही आवृत्ती. ती वाईट आहे असं नव्हे, पण तिला ‘मूळ’ म्हणून विकणं खोटंच.

आणि वेग! दोन रिळांची फिल्म चौदा मिनिटांत उरकली. हिशोब साधा आहे. ३५ मिलिमीटर रुंद फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, एका रिळात फार तर हजार फूट. सेकंदाला २४ चौकटींनी पळवली तरी एक भरलेलं रीळ अकरा मिनिटं चालतं, १६ ने चालवलं तर साडेसोळा. रिळं काठोकाठ भरलेली नसतात हे मान्य, पण दोन रिळांची चौदा मिनिटं म्हणजे एक तर घोड्यावर बसवलीय किंवा मधले तुकडे उडवलेत. इथे दोन्ही होतं. त्या काळी विनोदी फिल्म कॅमेऱ्याचा दांडा हाताने थोडा हळू फिरवून चित्रित करत, म्हणजे पडद्यावर जरा चटपटीत दिसतील. ती गंमत मुद्दाम केलेली. माझ्याकडची माणसं मात्र अंगाला मुंग्या चावल्यासारखी पळत होती.

‘हर फ्रेंड द बँडिट’ लावली, तर नटी मेबल नॉर्मंड रेसकोर्सवर सॉसेज विकतेय आणि चार्ली ते पळवतोय. ही ‘मेबल्स बिझी डे’. ती खऱ्या नावाने दुसऱ्या डिस्कवरही होतीच.

पाचव्या डिस्कवरची एक फिल्म बघताना नात शेजारी बसली होती. दोन मिनिटांनी म्हणाली, “आजोबा, हा चार्ली नाहीये.” मी म्हटलं, आहे गं, मिशी बघ. “मिशी तीच आहे, पण हा बघतो वेगळंच.” मग मागे दांडगा खलनायक आला, तो चक्क तरुण ऑलिव्हर हार्डी, लॉरेल-हार्डी जोडीतला! हार्डीने चॅप्लिनबरोबर कधी काम केलं नाही. हा होता बिली वेस्ट, त्या काळातला चॅप्लिनचा सर्वांत हुशार नकल्या. हार्डी त्याच्या फिल्ममध्ये असायचा. आठ वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला हार्डी येईपर्यंत दिसलं नाही.

विक्रेत्याला फोन केला. तो शांत होता. “काका, शंभर वर्षं जुनी फिल्म आहे, अशीच असते.” याच वाक्यावर त्याचा धंदा चालतो. आपल्यापैकी बहुतेकांनी या फिल्म खराब कॅसेटवर, नाहीतर फुटपाथवरच्या सीडीवर पाहिल्या. पांढरेफटक चेहरे, धावपळ, तेच ते पियानो म्हणजेच मूकपट असं डोक्यात बसलंय. चांगल्या निगेटिव्हवरून काढलेली प्रत पाहिली तर चार्लीच्या कोटाचा उसवलेला टाका दिसतो. कॉपीराइटचा धाक विक्रेत्याला नाहीच. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, या तर कधीच मोकळ्या झाल्या. स्वस्त प्रत स्वस्त म्हणून विकली असती तर माझी तक्रार नव्हती.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. बँकेत माझ्याच जुन्या सहकाऱ्याने समजावलं, की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू आलेली आहे, सोपं नाही. पैसे अजून आलेले नाहीत. जुना सेट घेणार असाल तर आधी डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा, त्या दिवसाच्या पेपरावर ठेवून. प्रत्येक फिल्मची मिनिटं विचारा. प्रिंट कुठल्या संग्रहातली, हे खऱ्या पेटीवर छापलेलं असतं. विक्रेता तिथे अडखळला की फोन ठेवा.

‘द इमिग्रंट’ मात्र त्या डिस्कवर बरी होती. हॉटेलात दहा सेंट कमी पडले म्हणून एकाला बेदम मारतात, आणि चार्लीला सापडलेलं नाणं वेटर कॅम्पबेल दाताखाली धरून वाकवतो: खोटं. मी ते दोनदा पाहिलं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, किंमत आता ४,९९९. या वेळी पेटीचा नवा फोटो होता. मागे निळ्या फुलांचा मेणकापडी टेबलक्लॉथ, कडेला दोरी बांधलेला चष्मा. तक्रारीचा पुरावा म्हणून मीच त्याला पाठवलेला फोटो.