टीमसाठी डिस्काउंट कार्ड विकायची ऑफर आलीय? आधी हे वाचा

ज्यांची मुलं क्लबच्या टीममधून खेळतात आणि सामन्यांसाठी सारखी बाहेरगावी जातात त्या पालकांनी हे नीट वाचा, कारण आम्हाला आला तसा फोन तुम्हालाही येऊ शकतो. खर्च कसा वाढत जातो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एन्ट्री फी, बस, राहणं, जेवण, कोचचा खर्च, किट, आणि टीम पुढच्या राउंडला गेली की आनंद होतो पण मुक्काम पण वाढतो. काही घरांना हे झेपतं काहींना अजिबात नाही, आणि पैशापायी एकही मूल मागे राहता कामा नये म्हणून आम्ही पालकांनी मिळून फंडरेजिंग करायचं ठरवलं होतं.

टीमच्या पेजवर सिलेक्शनची बातमी आणि मदतीचं आवाहन टाकलं आणि लगेचच आमच्या मॅनेजर मॅडमना एका कंपनीचा फोन आला. बोलणारा माणूस एकदम व्यवस्थित, टूर्नामेंटचं नाव, मुलांचा वयोगट, एन्ट्री फी भरायची शेवटची तारीख सगळं त्याला तोंडपाठ. म्हणाला मॅडम, तुम्हाला वेळ कमी आहे मला माहितीये, तुमच्या भागात आम्ही एकाच टीमला घेतो, दुसऱ्या एका टीमशी पण बोलणं चालू आहे, उद्यापर्यंत कळवा. ही घाई मुद्दाम केलेली असते हे आता कळतंय. ती शेवटची तारीख तर टूर्नामेंटच्या पेजवर कोणालाही दिसते.

योजना अशी की आमच्या टीमचं नाव आणि लोगो असलेलं डिस्काउंट कार्ड छापायचं, त्यावर आसपासच्या दुकानांमधल्या वर्षभराच्या सवलती, मुलांनी ती कार्डं ओळखीच्यांना विकायची आणि जमलेल्या पैशातले निम्मे टीमचे. आता हा प्रकार मुळात खोटा नाही, बऱ्याच ठिकाणी टीम अशी कार्डं विकून खरंच पैसे उभे करतात, आणि वस्तू विकून होणाऱ्या फंडरेजिंगमध्ये टीमला साधारण 40 ते 50 टक्के मिळणं हे पण नेहमीचंच आहे, त्यामुळे आकडा ऐकून कोणालाच काही वावगं वाटलं नाही. फक्त छपाईसाठी डिपॉझिट आधी भरायचं होतं, ते विक्री झाल्यावर परत मिळणार होतं. आणि जे ऑनलाइन घेतील त्यांच्यासाठी एक पेमेंट लिंक, ज्याचे पैसे आधी कंपनीकडे जाणार आणि मग हिशेब करून आपल्याकडे येणार.

चौकशी केली नाही असं नाही. वेबसाइट बघितली, त्यावर हसऱ्या मुलांच्या टीमचे फोटो, पालकांचे अभिप्राय. करारपत्र आलं, त्यावर शिक्का होता. आधीच्या एका टीमच्या मॅनेजरचा नंबर मागितला तर तो पण लगेच दिला, आणि त्या बाईंनी भरभरून कौतुक केलं. पण वेबसाइट त्यांची, फोटो त्यांनी टाकलेले, नंबर त्यांनी दिलेला. त्यांच्या बाहेरचं असं एकही माणूस या चौकशीत नव्हतं.

कार्डं आली, दिसायला छान होती, जाड आणि चकचकीत. मुलांनी जीव तोडून विकली. आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक, आईबाबांच्या ऑफिसमधले लोक, सगळ्यांनी घेतली, आणि खरं सांगायचं तर सवलतीसाठी कोणीच नाही घेतली, समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडाकडे बघून घेतली.

मग आमच्या शेजारचे काका स्पोर्ट्स शूजच्या दुकानात गेले आणि बिलाच्या वेळी कार्ड पुढे केलं. दुकानदाराने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, मागचं बारीक अक्षर डोळ्याजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाला, नाव आमचंच छापलंय काका, पण आम्हाला कोणी विचारलेलंच नाही. काका बिचारे काही न बोलता पूर्ण पैसे देऊन आले आणि रात्री आमच्याकडे येऊन हळूच सांगून गेले, तुमच्या पोराला रागावू नका म्हणाले. त्यानंतर आम्ही कार्डावरच्या प्रत्येक दुकानात फोन लावला. बहुतेकांना काही माहितीच नव्हतं, एक दुकान तर कधीच बंद झालेलं, आणि दोघातिघांनी सांगितलं की हो, कोणीतरी फोन करून विचारलं होतं की तुम्ही खेळाडू मुलांना सूट देता का, आम्ही म्हटलं देतो कधी कधी. एवढ्यावरच नाव छापून मोकळे.

कंपनीला विचारलं तर आधी सिस्टिम अपडेट चालू आहे, मग सेटलमेंटला उशीर होतोय, आणि शेवटी म्हणे तुमची रक्कम तयार आहे फक्त प्रोसेसिंग चार्ज भरा की लगेच सोडतो. मॅडमनी ठाम नाही सांगितलं, त्यानंतर फोन बंद आणि वेबसाइट पण गायब.

पैसे गेले त्याहून जास्त त्रास याचा झाला की हे सगळं मुलांच्या तोंडून करून घेतलं. टीममधल्या एका मुलीने वहीत तक्ता केला होता, कार्डाचा नंबर, कोणाला विकलं, पैसे रोख की लिंकवर. ती वही घेऊन आली आणि म्हणाली माझ्या साठवलेल्या पैशातून आधी यांचे परत करू या. तिचे पैसे आम्ही घेतले नाहीत, रोखीने घेणाऱ्यांना पालकांनी वर्गणी काढून परत केले, पण तक्रार देताना सगळ्यात जास्त उपयोग त्याच वहीचा झाला.

लिंकवरून दिलेल्या पैशांबद्दल एक महत्त्वाचं. ज्यांनी क्रेडिट किंवा डेबिट कार्डने भरले त्यांना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, बऱ्याच प्रकरणांत कार्ड कंपन्यांच्या नियमाप्रमाणे साधारण 120 दिवसांची मुदत असते पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते म्हणून थांबू नका, आणि हा अर्ज ज्याचं कार्ड त्यानेच करावा लागतो, टीमला करता येत नाही. आमच्यातल्या काहींचे असे परत आले. डिपॉझिट मात्र थेट बँक ट्रान्सफरने गेलं होतं आणि ते परत मिळणं फार अवघड असतं. अशा वेळी लगेच बँकेला कळवायचं, समोरच्या खात्यात पैसे अजून पडलेले असतील तर ते अडवता येण्याची थोडीफार आशा असते.

आम्ही जे नंतर तपासलं ते तुम्ही आधीच तपासा. वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं ते कोणालाही फुकटात ऑनलाइन बघता येतं, इतक्या वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या या लोकांची साइट अगदी नवी होती. फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर ते भलत्याच टीमचे निघाले. दुकानांना फोन आधीच करा, नंबर स्वतः शोधून, आणि नुसतं सूट देता का असं नका विचारू, या कंपनीला लेखी संमती दिलीये का असं विचारा. विक्रीचे पैसे टीमच्याच खात्यात आले पाहिजेत आणि कंपनीने आपल्याला बिल लावायला पाहिजे, हे त्यांना चालत नसेल तर तिथेच विषय संपवा.

आणि मुलांची माहिती कोणालाही देऊ नका प्लीज. कार्डं मुलांच्या नावाने ट्रॅक करायची म्हणून त्यांनी नावं, फोटो, पालकांचे नंबर असा फॉर्म भरून घेतला होता. आता त्याच नंबरांवर बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा असं सांगणारे फोन येतायत. हे तेच लोक किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले, एक पैसा देऊ नका.

टूर्नामेंटला मुलं गेली. मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीमागे ओळखीच्यांनी ठरलेली रक्कम द्यायची असा कार्यक्रम केला, पैसे थेट टीमच्या खात्यात, मधे कोणी नाही.

तपास अजून चालू आहे. वेगळ्या नावाने हेच कार्ड कोणी तुमच्या टीमला विकलं असेल तर कार्डं फेकून देऊ नका. पाकीट, पावती, चॅट, कॉलच्या वेळा सगळं जपून ठेवा आणि स्वतःच्या भागात वेगळी तक्रार नोंदवा.