सोल्डर की पटाशी? साठीनंतर हात पुन्हा कामाला लावताना

निवृत्त झाल्यावर भेटेल तो सांगतो, आता एखादा जुना छंद काढा. काढायला बसलं की कळतं, छंद होता तसाच आहे. मान, हात आणि डोळे मात्र बदलून आलेत. माझं वय ६८. काहीही करायला उजवा हात उचलला की तो थरथरतो. मानेला स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, आहे. आणि गेली तीन वर्षं मधूनमधून चक्कर येते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण शेवटी निकाल तिनेच लावला.

एवढ्या भांडवलावर मी दोन छंद परत आणून पाहिले. एक, कॉलेजात असताना वेड लागलेली रेडिओदुरुस्ती. दुसरं, वडिलांच्या हाताखाली अर्धवट शिकलेलं सुतारकाम, तेही मशिनचं नव्हे, पटाशीचं (लाकूड कोरायचं सपाट धारेचं हत्यार) आणि रंध्याचं (लाकूड तासून गुळगुळीत करायचं). आधी सव्वा वर्ष रेडिओ, मग सुतारकाम. सोल्डरिंग आयर्न (सोल्डर हा धातू वितळवून सांधे जोडायचं तापतं हत्यार) किती वॅटचं आणि पटाशी कुठल्या मापाची, त्यात शिरत नाही.

सामानाची अडचण मुंबईत दोन्हींना नाही. रेडिओवाल्याला लॅमिंग्टन रोड, सुतारकामवाल्याला नागदेवी स्ट्रीट. सकाळी अकरानंतर गाडी धरायची, चारच्या आत परत फिरायचं, म्हणजे बसायला मिळतं. लाकडासाठी तर मी सहसा बाहेरही पडत नाही. आमच्या सोसायटीत बारा महिने कुणाच्या तरी घरी फर्निचरचं काम चालू असतं. मिस्त्रीला चहा पाजला की सागाचे वीतभर तुकडे पिशवी भरून मिळतात. मोठी फळी हवी असेल तर जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. पाडलेल्या इमारतींमधलं बर्मा टीक तिथे दारं-खिडक्यांच्या रूपात उभं असतं. आत राहिलेले खिळे तेवढे तपासा. माझ्या रंध्याच्या पात्याला एकाची खूण आहे.

थरथरत्या हाताला रेडिओच बरा, असं मला वाटलं होतं, कारण त्यात धारेची हत्यारं नाहीत. झालं उलटं. सोल्डरिंग आयर्न आपण पेनासारखं धरतो, पण बोटं टोकापासून चार-पाच इंच लांब. बोटात जरासं हललं की टोकाला त्याचं बरंच होतं, आणि तिथे दोन सांधे एकमेकांना खेटून बसलेले. मनगट ठोकळ्यावर टेकवलं, कोपर टेबलावर रोवलं आणि त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही, की जमायचं. चहा-कॉफीने कंप वाढतो. पण जमणं हे असं नशिबावर. पटाशीला दोन्ही हात लागतात. डावा पात्यावर, लाकडाला टेकलेला, उजवा मुठीवर, दोन्ही कोपरं बरगड्यांना. थरथरायला जागाच उरत नाही. हे मला मिस्त्रीने दाखवलं. "काका, हाताने नका ढकलू, अंगाने ढकला," म्हणाला. वडिलांनीही सांगितलं असणार, तेव्हा मी ऐकलं नसेल.

डोळ्यांचं थोडक्यात. रेझिस्टर हा वीज अडवणारा तांदळाएवढा भाग, त्याचं माप अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम, मोतीबिंदू पिकत होता तेव्हा मला त्यातला जांभळा तपकिरी वाटायचा. ऑपरेशननंतर जांभळा जांभळा झाला, पण रंगावरचा विश्वास उडाला तो उडालाच. प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावत होतो. लाकडात पेन्सिलची रेघ दिसली की झालं.

धोके दोन्हीकडे आहेत. सोल्डरचा धूर शिशाचा नसतो, त्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तो सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात त्या फ्लक्समधल्या राळेचा असतो आणि दम्याच्या माणसाला तोही पुरतो. शिसं हाताला लागतं, म्हणून चिवड्याची वाटी टेबलावर नको आणि उठल्यावर साबणाने हात धुवा. वाल्व्हचे जुने सेट उघडणार असाल तर त्यांचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बटण बंद केल्यावरही दोन-अडीचशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटची तर चॅसीच, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, घरच्या विजेला जोडलेली असते. पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर ३५० अंशांचं टोक लागल्याचं उशिरा कळतं. लाकडाकडे धूळ आहे. रंध्याच्या ढलप्यांनी काही होत नाही, पण पॉलिश पेपरचा बारीक भुसा छातीत जातो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. मी शक्यतो रंध्यानेच गुळगुळीत करतो, घासायचं झालं तर गॅलरीत, मास्क लावून. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर पटाशीचा ओरखडाही बराच वेळ वाहतो. थोडक्यात, दोघांतला कोणीच संत नाही.

आता ती चक्कर. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळ्यांत शिरले की मान खाली-वर करताच जग गरगरतं. कानाच्या डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे परत जागेवर बसवले. एप्लीची पद्धत म्हणतात तिला. गुण आला. पण हे खडे पुन्हा सुटू शकतात आणि माझे सुटतात. वाकू नका, असं कुणी सांगावंच लागत नाही.

आणि आमची फरशी मोझॅकची. जुनी बिल्डिंग, राखाडी जमिनीवर पांढरे, काळे, विटकरी ठिपके. पाव वॅटचा रेझिस्टर लपवण्यासाठी याहून उत्तम जागा माणसाने अजून तयार केलेली नाही. तो पडताना टिक् असा आवाज येतो, एकदाच, आणि या वयाच्या कानांना तो कुठून आला ते कळत नाही. मग मी वाकायचो. मान खाली गेली की पाचेक सेकंद काही नाही, आणि मग पंखा आणि जमीन जागा बदलायचे. डोळे मिटून टेबलाचा पाय धरून बसायचं. शांत झाल्यावर उठायचं, रेझिस्टर तिथेच ठेवून.

रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा, सोडून द्या म्हणाल. सोडलेच. पण जुन्या मर्फी रेडिओच्या ट्यूनिंगच्या बटणाचा पितळी स्क्रू दुकानात मिळत नाही. तो पडला आणि आठ दिवस सेट बटणाविना बसून राहिला. काठीला बांधलेलं लोहचुंबक फिरवून झालं. रेझिस्टरचे पाय कधीकधी लोखंडी असतात, ते चिकटतात, पितळ कशाला चिकटेल? शेवटी हिने रात्री दिवे घालवले आणि बॅटरी जमिनीला अगदी आडवी धरली. अशाने बारीकशा वस्तूचीही लांब सावली पडते. स्क्रू फ्रिजखाली होता. ही युक्ती मात्र लिहून ठेवा.

उपाय नाही केले असं नाही. टेबलाखाली पांढरी चादर अंथरली. तिच्यात पाय अडकून पडायची वेळ आली. मग सोनारांची आठवण झाली. त्यांच्या मांडीवर कापड असतं, कणही वाया जात नाही. आणि जो जातो त्यासाठी राख धुणारे झारेकरी असतात. मी स्वयंपाकघरातला ॲप्रन गळ्यात घातला, खालची कड चिमट्यांनी टेबलाला लावली. झोळी झाली. तीन दिवस एक वस्तू जमिनीवर गेली नाही. चौथ्या दिवशी दाराची बेल वाजली आणि मी, ॲप्रन विसरून, उठलो. मीटर, स्क्रूचा डबा, फ्लक्सची डबी, सगळं माझ्यामागे निघालं. नशीब, आयर्न स्टँडवर होतं. नात पाच वर्षांची आहे, तिने शनिवारी येऊन रुपयाला एक या भावाने ४३ वस्तू वेचल्या. त्या संध्याकाळी मी मर्फी पिशवीत घालून माळ्यावर टाकला.

सुतारकामात पडत नाही असं नाही, पण पडतं ते दिसतं. ढलप्या दिवसभर पडू द्या, संध्याकाळी लांब दांड्याच्या झाडूने एका जागी ओढा, वाकावं लागत नाही. टेबल कमरेच्या उंचीचं करून घेतलंय, उभ्यानेच काम, मान फारशी झुकत नाही. पथ्य एकच: पटाशी पडताना झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या, आणि पायात बूट ठेवा.

दुसरा फायदा नंतर ध्यानात आला. रेडिओत दोष शोधताना धागा डोक्यात धरावा लागतो: कुठे व्होल्टेज येतंय, कुठून नाहीसं होतंय. मध्ये चार दिवस आजारी पडलो की वही उघडूनही पहिल्यापासून. खाचेत अर्धवट राहिलेलं लाकूड पंधरा दिवसांनीही तिथूनच सुरू होतं. माझ्यासारख्याचे असे पंधरवडे वर्षातून दोन-तीन तरी जातातच.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे खरं. माझा पहिला ड्रॉवर जुलैत अडकला तो दिवाळीच्या पुढे उघडला. पटाशा गंजतात, शिवणयंत्राचं तेल लावून गुंडाळाव्या लागतात. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. आणि मुक्या सेटमधून खरखर होते, मग तिच्यातून माणसाचा आवाज बाहेर येतो, तसा क्षण लाकडात नाही. तो नाहीच.

म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, गुडघे उभं राहू देत नसतील, तर रेडिओ घ्या. बसून होतो आणि सोबतही करतो. फरशी एकरंगी असेल तर आणखी बरं. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं तर, एक अर्ध्या इंचाची पटाशी आणि मिस्त्रीकडचा सागाचा तुकडा घेऊन महिनाभर बघावं.

परवा माझ्या हातून लाकडी ठोकणा निसटला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून हाक मारली, "भावजी, काय पडलं हो?" मला वाकून बघावं लागलं नाही.