कल्हईचा नवसागर : जीवाश्म शंखाच्या फोटोसाठी कितपत चालतो?

कोल्हापूरच्या बाजारात कल्हईचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत नवसागर (अमोनियम क्लोराइड) अजून सुटा मिळतो. मळकट पांढरे, तंतू असलेले खडे, कागदात बांधून. तापल्या भांड्यात खडा फिरवला की जो दाट पांढरा धूर उठतो, नेमका तोच जीवाश्मवाल्यांना हवा असतो. समुद्री शंखाच्या नव्या प्रजातीचं वर्णन करताना फोटोआधी शंखावर या धुराचा पातळ थर देतात. दगडाचे डाग झाकले जातात. उभ्या बरगड्या, आडवे दोरे आणि वेढ्यांमधली शिवण उठून दिसते. कोल्हापूरच्या पायाखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात समुद्री शंख नाहीत. त्यामुळे शंख कच्छच्या मायोसीन काळातल्या थरांतले नाहीतर तमिळनाडूतल्या अरियालूरच्या, त्याहून जुन्या क्रेटेशियस थरांमधले असणार. पण फोटो कुठेही काढता येतात.

खडा सरावाला उत्तम. होलोटाइपवर, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्यावर बेततात त्यावर, मात्र तो आहे तसा वापरू नये.

दोष लोखंडाचा आहे. खड्यात त्याचा अंश असेल तर थर पिवळसर येतो, कारण लोहाचं क्लोराइडही नवसागरासोबतच उडतं. म्हणून ‘पुन्हा एकदा धूर करून जमवला की शुद्ध’ हा समज चुकीचा. मीठ मिसळलेलं असेल तर ते धूर करायच्या नळीत मागे राहतं, त्याची काळजी नको.

शुद्ध करायला 60 ग्रॅम खडे कुटून 100 मिली उकळत्या पाण्यात विरघळवा. अमोनियाचे चार-पाच थेंब टाका. लोखंड असेल तर तपकिरी साका धरतो. गरम असतानाच गाळा आणि गाळणीही गरम ठेवा, नाहीतर कागदातच स्फटिक बसतात आणि सगळं अडतं. भांडं काचेचंच हवं; तांब्या-पितळेत पाणी निळं होतं. गार होताना नेच्याच्या पानासारखे स्फटिक सुटतात, ते बघण्यासारखे असतात. 20 अंशांना साधारण 37 ग्रॅम पाण्यातच राहतात, म्हणजे हाती वीस-बावीस ग्रॅम येतात. एका शंखाला चिमूटभर लागतो, तेव्हा हे भरपूर झालं. एवढा खटाटोप नको असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाची बाटली घ्या. महाग पडते, पण पुरते फार दिवस.

थर देण्यासाठी एका टोकाला निमुळती, मधे फुगा असलेली जाड काचेची नळी आणि बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा पुरतो. नळीच्या फुगीर भागात नवसागर घालून स्पिरिटच्या दिव्यावर आधी नळीतली ओल घालवा. हे टाळलं तर तोंडाशी साचलेला थेंब धुरासोबत उडतो आणि शंखावर गोल डाग पडतो. मग धूर सलग येऊ लागल्यावर दोन-तीन सेंटिमीटरवरून, शंख फिरवत, हलक्या हाताने. थर निळसर पांढरा दिसला की थांबायचं. खडूसारखा झाला म्हणजे बारीक रेषा बुजल्या, धुऊन पुन्हा. खिडकी उघडी हवी, कारण तापल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि हवेत पुन्हा जुळतात. न जुळलेला वायू नाकात जातो.

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात हे काम काढूच नये. नवसागर हवेतली ओल ओढतो, थर बघता बघता रवाळ होतो आणि शंखाच्या चुन्यालाही ते बरं नाही. इतर ऋतूंतही फोटो झाल्याबरोबर शंख उर्ध्वपातित पाण्यात धुवावा. भेगा असतील किंवा पाण्यात सुटणाऱ्या डिंकाने जोडला असेल तर फक्त मऊ कुंचला. पण तसा शंख मुळात धुरावर धरायचाच कशाला?

क्रम चुकवू नका. आधी थराविना फोटो, मग अतिनील प्रकाशात. सीनोझोइक, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातल्या, शंखांवर साध्या उजेडात न दिसणारे रंगाचे पट्टे अतिनीलमध्ये कधी कधी उमटतात. त्यानंतर नवसागर. टोक वर, मुख समोर, उजेड वरच्या डाव्या बाजूने, शेजारी मोजपट्टी. भ्रूणकवचाचं, म्हणजे शिखरावरच्या पहिल्या वेढ्यांचं, नक्षीकाम मिलिमीटरहूनही लहान असतं. तिथे नवसागराचे कण नक्षीच झाकतात. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. नव्या शंखाचं नाव बहुतेक याच भागावर टिकतं किंवा पडतं, म्हणून इथे काटकसर महागात जाते.

प्राणिनामकरण संहितेला, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांना, फोटो सक्तीचा नाही, हे खरं. 1999 नंतरच्या प्रजातीसाठी ती नवी असल्याचं स्पष्ट विधान, वेगळेपणाची लक्षणं, नावाचा आधार म्हणून ठरवलेला नमुना (सहसा होलोटाइप) आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला ते संहिता मागते. पण पिवळट, डागाळलेला फोटो पाहून परीक्षक बरगड्या मोजणार कशा?

खडे घ्यायचेच तर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. कागदातून काढून लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पत्र्याच्या डब्यात ठेवले तर डबा गंजतो, आणि तेच लोखंड पुन्हा खड्यात.