सहा महिने की दोन वर्षं? कोल्हापुरातून डिझाइन शिकायला परदेशी जाण्याआधी

गंगावेशीजवळच्या कुंभार गल्लीतले एक काका गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन घरी आले. मुलगी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका संस्थेशी करार आहे, म्हणून एक सेमिस्टर तिकडे जायची, म्हणजे एक्सचेंजची, संधी आलीय. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि थेट विचारलं, "सहा महिन्यांत काय शिकून येणार ओ ही? त्यापेक्षा डिग्री झाल्यावर दोन वर्षं मास्टर्सलाच धाडली तर? पण मग रान विकाय लागंल."

मी स्वतः एक्सचेंजला जाऊन आलोय आणि माझी एक वर्गमैत्रीण सिरॅमिक्समध्ये तिकडे पूर्ण मास्टर्स करून तिथेच राहिली. दोन्ही वाटा जवळून बघितल्यात, म्हणून काकांना जे सांगितलं ते इथे लिहितोय.

आधी पैसा, कारण घरात बोलणं तिथेच अडतं. एक्सचेंजमध्ये फी आपल्या इथल्या कॉलेजलाच भरायची, तिकडची माफ असते. करार इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या देवाणघेवाण योजनेखालचा असेल तर दरमहा ८०० ते ९०० युरो मिळतात आणि प्रवासाला वेगळी रक्कम. पण ही मदत आपण एकट्याने अर्ज करून मिळत नाही, दोन संस्थांमध्ये करार असावाच लागतो. साधा करार असेल तर फीमाफी तेवढी, राहणं-खाणं आपलं. म्हणून पहिला प्रश्न कॉलेजच्या ऑफिसात विचारा: करार कोणता?

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने पैसे दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. सहा महिन्यांचे होतात जवळपास ६,००० युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ६ लाख. मास्टर्सला वर्षाचे ११,९०४ युरो एकदम भरायचे, सुमारे १२ लाख. हे पैसे बुडत नाहीत, दर महिन्याला जगायला आपल्यालाच परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. शिकवणीची फी बहुतेक सरकारी संस्थांत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. लंडनचं म्हणाल तर मास्टर्स बऱ्याच ठिकाणी एकाच वर्षात उरकतं, पण मोठ्या कला विद्यापीठांची नुसती फीच २५ लाखांच्या पुढे जाते. रान विकायची वेळ येते ती तिथे.

शिष्यवृत्तीतही फरक आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना पूर्ण वेळ मास्टर्स किंवा पीएचडीसाठी मिळते, तीही जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठांसाठी. एका सेमिस्टरला ती लागू नाही. ज्या घराला ती मिळण्यासारखी आहे, त्यांनी एक्सचेंजवर बचत खर्चण्याआधी नीट विचार करावा.

आता शिकण्याचं. काकांची शंका इथे निम्मी खरी आहे. सेमिस्टर सहा महिन्यांचं म्हणतात, प्रत्यक्ष शिकवणं साधारण १४-१५ आठवडे चालतं. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं तर आधी प्रत्येक यंत्राचं सुरक्षेचं प्रशिक्षण. लाकडाचं वेगळं, धातूचं वेगळं, भट्टीचं वेगळं. माझे पहिले तीन आठवडे त्यातच गेले. हातात उरले अकरा. तेवढ्यात एखादी वस्तू होते, पण ती फसली तर पुन्हा करायला वेळ नसतो.

मैत्रिणीचं पहिलं वर्ष सगळं फसलं होतं. भांडी भट्टीतून बाहेर आली की ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. माती आणि ग्लेझ थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून ते येतात. हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मिश्रणं बदलत, पुन्हा भाजत, वहीत नोंदी ठेवत तो तिढा सुटायला दुसरं वर्ष उजाडलं. एक्सचेंजवाल्याला ते दुसरं वर्ष मिळत नाही. मला मास्टर्सचा खरा फायदा हाच वाटतो. डिग्रीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, तो पुढचा.

मग मी एक्सचेंजमधून काय आणलं? वर्कशॉपच्या मास्तरांनी एकदा माझी कोल्हापुरी हातात घेतली, उलटी केली आणि खिळे शोधू लागले. खिळे नाहीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग पट्टा कशाने धरलाय? आधी काय शिवतात, कान की तळ? मला सांगता येईना. चप्पल लाईनवरून मी लहानपणापासून गेलोय, भाव करून चपला घेतल्यात, पण कारागिराच्या शेजारी कधी बसलो नव्हतो. परत आल्यावर बसलो, चार महिने. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, कातड्याचीच वादी, तिनेच सगळी शिवण. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातूनच उभा राहिला. पुढे जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या आणि इथे सगळे पेटून उठले, तेव्हा त्या मास्तरांचे प्रश्न मला पुन्हा आठवले.

म्हणून माझं मत असं आहे. परत येऊन इथल्याच मातीत, चामड्यात, हुपरीच्या चांदीत काम करायचं असेल, तर तिसऱ्या वर्षातलं एक्सचेंज घ्यावं. हात थोडा बसलेला असतो आणि परत आल्यावर एक वर्ष शिल्लक असतं. साहित्यावर संशोधन करायचं, शिकवायचं किंवा तिकडेच राहायचं असेल, तर आधी दोन वर्षं इथे नोकरी करून मग मास्टर्सला जावं. डिग्री हातात पडल्या पडल्या जाऊ नये, पोर्टफोलिओत कॉलेजच्या सबमिशनशिवाय काही नसतं.

कागदांत एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय शिकायचे आणि त्यांचे क्रेडिट इथे धरायचे या लेखी करारावर, विद्यार्थी, आपलं कॉलेज आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या निघण्याआधीच घ्या. माझ्या कॉलेजने तोंडी होकार दिला होता. परत आल्यावर वर्कशॉपचे क्रेडिट धरले नाहीत आणि मी एका सेमिस्टरची सगळी सबमिशन पुन्हा केली. मास्टर्सला हा त्रास नाही, पण तिथे ए.पी.एस. प्रमाणपत्राचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन तपासणी) काम महिने आधी सुरू करावं लागतं.

काकांना शेवटी तारखांची काळजी होती. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे व्हिसाची धावपळ ऐन त्यांच्या गणपतीच्या मूर्तींच्या रंगकामात. मुलगी म्हणाली, "आबा, मूर्तींचे डोळे मी रात्री रंगवीन, दिवसा पुण्याला जाऊन येईन." काका काही बोलले नाहीत. उठताना त्यांनी मला विचारलं, शाडूचा एक छोटा गणपती विमानात न फुटता न्यायचा तर कशात बांधायचा?