कॉमिक्स चित्रकाराकडून मूळ चित्र काढून घेणं: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राला चित्रकार ‘कमिशन’ म्हणतात. आपल्याकडे कमिशन म्हणजे दलाली, त्यामुळे घरच्यांना सांगताना पंचाईत होते. इथे अर्थ एवढाच: तुम्ही विषय सांगायचा, चित्रकारानं तो कागदावर काढायचा आणि तो कागद तुमच्याकडे यायचा. बेळगाव, खानापूर आणि निपाणी इथल्या आम्ही काही वाचकांनी मिळून दीड वर्षात अशी नऊ चित्रं मागवली. चार बंगळूरहून, तीन पुण्या-मुंबईहून, दोन परदेशातून. ती दोन पावसाळे भिंतीवर आणि फायलीत राहिली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. चित्र हातात आलं त्या दिवशी नऊही उत्तम वाटली होती. आज तसं म्हणता येत नाही.

बहुतेक जण ऑर्डर देताना नेमकं उलटं करतात. नायकाचा हात कुठे, पाय कुठे, मागे ढग किती, हे ओळीओळीनं लिहून पाठवतात आणि कागद कोणता, शाई कोणती, हे विचारतच नाहीत. चित्र कसं मांडायचं ते चित्रकाराला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण तो कागद पुढची वीस वर्षं आपल्या हवेत काढणार आहे, ते तुम्हाला माहीत असतं, त्याला नाही. तेव्हा रचनेत सैल राहा आणि सामानात काटेकोर.

पहिला प्रश्न हाच: चित्र हातानं काढणार की टॅबलेटवर? आज बरेचसे चांगले कॉमिक्स चित्रकार पूर्णपणे डिजिटल काम करतात. त्यांच्याकडे ‘मूळ’ असा कागद नसतोच, मिळते ती कॉम्प्युटरची फाइल किंवा प्रिंट. दुसरा प्रकार मधला आहे. कच्चं चित्र स्क्रीनवर करायचं, ते फिकट निळ्या रेषांत जाड कागदावर छापून घ्यायचं आणि त्यावर हातानं शाई मारायची. यात फसवणूक काही नाही, शाई खरीच असते. फक्त पेन्सिलीचं काम त्या कागदावर नसतं, आणि हे आधी कळलेलं बरं. पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची असेल तर दोघांचं काम एकाच कागदावर येणार की दोन वेगळे कागद होणार, तेही विचारा.

कागदाचं माप. अमेरिकी कॉमिक्सचं पान ११ बाय १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे शाईकामासाठीच्या जाड, ताठ कागदावर काढलं जातं, त्यात चित्राची चौकट साधारण १० बाय १५ इंचांची. आपल्याकडचे चित्रकार पुष्कळदा ए-३ वापरतात, म्हणजे ११.७ बाय १६.५ इंच. फरक किरकोळ वाटतो, पण ११ बाय १७ च्या फायलीत ए-३ शिरत नाही आणि ए-३ च्या तयार फ्रेममध्ये ११ बाय १७ बसत नाही. एकच माप ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा. आमच्या नऊपैकी तीन वेगळ्या मापाची निघाली, आता त्यांच्यासाठी वेगळी फाइल ठेवावी लागते.

ब्रिस्टल २७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा, आम्लरहित घ्यावा. त्याचा गुळगुळीत प्रकार टाक आणि बारीक पेनासाठी चांगला, किंचित खरखरीत प्रकार ब्रशसाठी. ‘कार्ट्रिज शीट चालेल का?’ असं चित्रकारानं विचारलं तर नको म्हणा. मार्करचा रंग पार मागे उतरतो आणि ओलसर हवेत शाईच्या कडा पसरतात. स्टेशनरीच्या दुकानातला आयव्हरी कार्ड दिसायला ब्रिस्टलसारखाच गुळगुळीत, पण तो आम्लरहित असेलच असं नाही. आमच्याकडचं आयव्हरीवरचं एक चित्र दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडेनं पिवळट दिसू लागलं. जलरंग हवे असतील तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद सांगा, मात्र त्यावर टाकाची बारीक रेषा अडखळते हे गृहीत धरा.

शाईच्या बाबतीत दोनच शब्द मागून घ्या: रंगद्रव्याची आणि जलरोधक. साधी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, पिग्मा मायक्रॉनसारखे पेन, पेन्टेलचा पॉकेट ब्रश, हे सगळं या अटीत बसतं. फाउंटन पेनची शाई बहुधा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. उजेडात उडते, ओल लागली की धावते. सर्वात मोठा धोका मोठ्या काळ्या जागांचा. वेळ वाचवायला काही जण त्या परमनंट मार्करनं भरतात. सुरुवातीला काळा कुळकुळीत दिसतो, काही वर्षांनी तपकिरी-जांभळट होतो आणि भोवती पिवळसर कड उमटते. ‘स्पॉट ब्लॅक ब्रश आणि शाईनं भरणार ना?’ एवढं एक वाक्य लिहून विचारा. रंगीत अल्कोहोल मार्करबद्दलही तेच: चित्र देखणं होतं, पण तो रंग डायचा आहे, रोज ऊन लागणाऱ्या भिंतीवर तो टिकत नाही. असं चित्र फायलीतच ठेवावं.

नवख्या माणसाची इथे एक गल्लत होते. खऱ्या चित्रावर पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या, निळ्या पेन्सिलीच्या रेषा, कडेला ब्रश पुसल्याच्या खुणा असतात. हा दोष नाही, हातकामाची साक्ष आहे. आम्हाला तर त्या खुणा चित्राइतक्याच आवडतात. दुरुस्ती गॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) पांढऱ्यानं केलेली असावी एवढंच बघा. ऑफिसातला व्हाइटनर काही वर्षांत तडकून सुटतो.

आता ब्रीफ, म्हणजे काय हवं ते चित्रकाराला लिहून देणं. चार-पाच ओळी पुरेत: पात्र कोण, कोणत्या काळातला वेश, उभं चित्र की आडवं, पार्श्वभूमी हवी की नको, भाव कोणता. संदर्भचित्रं तीन, फार तर चार. दहा पाठवली तर दहांत दहा वेश असतात आणि चित्रकार कुठलाही एक धरतो. प्रत्येक वाढीव पात्रानं आणि पार्श्वभूमीनं किंमत वाढते, म्हणून एकच पात्र पण पूर्ण आकृती, हे पहिल्या वेळेला सर्वात समाधान देणारं माप. ‘तुमच्यासाठी’ असं नाव घालून सही हवी का तेही तेव्हाच ठरवा. नाव घातलेलं चित्र पुढे विकायला कठीण जातं.

आपल्या भागातून शिवराय, कित्तूरची राणी चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा हे विषय हमखास सांगितले जातात. तिथे मात्र सैल राहून चालत नाही. परदेशी नायक काढून हात बसलेला चित्रकार मावळ्याला कुस्तीगिराचे खांदे आणि राजस्थानी पगडी देऊन मोकळा होतो. जिरेटोपाचा, अंगरख्याचा, धोप तलवारीच्या मुठीचा एकेक स्वच्छ फोटो पाठवा. मागे गड हवा असेल तर ‘किल्ला’ एवढंच लिहू नका, राजहंसगडाचा बुरूज किंवा भीमगडाचं रान यांचा फोटो द्या. चन्नम्माच्या चित्रात १८२४ सालच्या इंग्रज शिपायांचा गणवेश लागतो. तो न दिल्यामुळे आमच्या एका चित्रात १८५७ नंतरची खाकी आली. पेन्सिलीतच लक्षात आलं म्हणून निभावलं.

चित्रात मराठी अक्षरं असतील तर आणखी सावध. बंगळूरचे चित्रकार कन्नड-इंग्रजीत तरबेज असतात, देवनागरी हिंदी वळणाची काढतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण वेगळं, ‘ळ’ तर अनेकांना नवाच. टाइप करून पाठवलेला मजकूर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्य’ची पार वाट लागते, आणि तेच बघून ते कागदावर उतरवतात. म्हणून मजकूर हातानं मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो पाठवा आणि पेन्सिलीच्या टप्प्यावर अक्षरन् अक्षर तपासा.

टप्पे असे असावेत: आधी अंगठ्याएवढी दोन-तीन कच्ची रेखाटनं, त्यातलं एक निवडायचं, मग पूर्ण पेन्सिल, मग शाई. दुरुस्त्या फक्त पहिल्या दोन टप्प्यांत सांगायच्या. शाई लागल्यावर हात बदला, मान वळवा असं सांगणं म्हणजे नवं चित्र मागणं. ‘अजून जरा जोरदार’ अशी दुरुस्ती कोणालाच कळत नाही. ‘डावा खांदा लहान वाटतो’ ही कळते. पेन्सिलीचा फोटो मंजूर करण्याआधी एखाद्या ड्रॉइंग मास्तरांना दाखवावा. के. बी. कुलकर्णींनी या गावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, रवी परांजपे इथलेच; चित्राकडे बघणारी नजर बेळगावात शोधायला लांब जावं लागत नाही. पंजा आणि घोड्याचे मागचे पाय या दोन जागा त्यांच्याकडून तपासून घ्या, चुका तिथेच होतात.

पैसे निम्मे आधी, निम्मे पूर्ण चित्राचा फोटो पाहून, पाठवण्यापूर्वी. सगळे आधी देऊ नका आणि निम्म्याहून कमी देऊन चित्रकाराला टांगणीलाही ठेवू नका. देशात यूपीआय सोपं. पेपाल परदेशासाठीच, देशांतर्गत व्यवहार त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. मुदत, दुरुस्त्यांची संख्या आणि रद्द झाल्यास आगाऊ रकमेचं काय, या तीन गोष्टी मेसेजमध्ये लिहून त्यांचा होकार घ्या. बंगळूर-मुंबईच्या कॉमिक कॉनच्या आधीचे दोन महिने ऑर्डर देऊ नका. स्टॉलचं काम सुटत नाही आणि तुमचं चित्र मागे पडतं. आमच्याकडे सहा आठवडे सांगून चौदा लागले ते याच काळात दिलेल्या ऑर्डरीला. परदेशी पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. कस्टम भरावं लागतं, पण पार्सल हरवलं तर लिहिलेल्या किमतीवरच बोलणं होतं.

पॅकिंग सांगितल्याशिवाय नीट होत नाही. ट्यूबमध्ये गुंडाळून कधीच नको. ब्रिस्टलला बाक बसतो आणि जाड पांढरा रंग तडकतो. चित्रावर बटर पेपर, मग प्लास्टिकचं पाकीट (पीव्हीसीचं नाही, पॉलिप्रॉपिलीनचं), मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, प्रत्येक कडेनं दोन इंच मोठा. दोन पुठ्ठ्यांच्या आतल्या नागमोडी नळ्या एकमेकींना आडव्या यायला हव्यात, तरच पार्सल मध्ये वाकत नाही. जून ते सप्टेंबर बाहेरून आणखी एक प्लास्टिक, सगळ्या कडा टेपनं बंद. पत्त्याचा घोळ आपल्याकडचा खास: मराठी नाव आणि मराठी गल्ली वाचून पाठवणारा राज्य ‘महाराष्ट्र’ लिहून टाकतो. राज्य कर्नाटक आणि ५९० किंवा ५९१ नं सुरू होणारा पिन स्वतः टाइप करून द्या. बेळगाव लिहा की बेळगावी, पिन बरोबर असला तर पार्सल येतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या खेड्यात स्पीड पोस्ट बरं, खासगी कुरिअर बहुधा खानापुरातूनच फोन करतं.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग घड्याळजीकडचं दहापट भिंग लावून काळ्या भागाकडे बघा. छपाई असेल तर बारीक ठिपके दिसतात. शाई असेल तर ब्रशचे फटकारे एकमेकांवर चढलेले आणि तिरक्या उजेडात किंचित चमक दिसते. कागद उलटा करून मागची बाजूही बघा, पेनाचा दाब कधी कधी बोटाला लागतो.

हक्कांबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण प्रकाशकाच्या नायकाचं चित्र काढून घेतलंत म्हणून तो नायक तुमचा होत नाही. टी-शर्ट छापायचा असेल तर स्वतःचं पात्र काढून घ्या आणि चित्रकाराची लेखी संमती ठेवा.

राहिली फ्रेम, आणि सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं. साधारण पद्धत अशी की चित्र हार्डबोर्डवर फेविकॉलनं डकवायचं आणि वर थेट काच. पावसात काचेला आतून दव धरतं, शाई काचेला चिकटते, पाठीमागून बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. आमची दोन चित्रं अशी डागाळली, आणि डकवलेला कागद सुटत नाही. फ्रेमवाल्याला चार गोष्टी सांगा. चित्राला गोंद लागता कामा नये. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावाव्यात, खाली मोकळं, म्हणजे दमट हवेत कागदाला फुगायला जागा राहते. मागे आम्लरहित बोर्ड. काच आणि चित्र यांत माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या जाड बोर्डामुळे, तीन-चार मिलिमीटर अंतर. ११ बाय १७ ला माउंटची खिडकी १०.५ बाय १६.५ आणि चारी बाजूंना अडीच इंच, म्हणजे बाहेरचं माप १५.५ बाय २१.५. चित्रकाराची सही कडेला असेल तर खिडकी कापण्याआधी बघा, माउंटखाली जाते.

पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, पावसाचा मारा तिथेच बसतो. आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून, म्हणजे मागून वारा खेळतो. फायलीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण चित्राला टेकवून नाही. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. गणपती उठल्यावर कोरडा दिवस बघून फाइल उघडायची, एकेक पान सावलीत तासभर मोकळं ठेवायचं, कडेला कसर लागली आहे का ते बघायचं आणि पुड्या बदलून परत ठेवायचं.