टॅबला माऊस लावून आठ महिने झाले, माझा अनुभव

आधी आशीर्वाद ह्या शब्दाचं सांगते, कारण माऊस घ्यायची वेळ त्याच्यामुळेच आली. मी घरून मराठी टायपिंग आणि प्रूफ तपासायचं काम करते, लग्नाच्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, सोसायटीच्या नोटिसा, जे येईल ते. मागच्या मे महिन्यात लग्नसराई ऐन भरात असताना लॅपटॉप बसला, दुरुस्तीचा खर्च ऐकून तो तसाच कपाटात ठेवला आणि घरात पडलेला गॅलेक्सी टॅब ए८ काढला. साडेदहा इंची स्क्रीन आहे, गुगल डॉक्स चालतं, म्हटलं निभून जाईल. एका पत्रिकेत आशिर्वाद असं ऱ्हस्व पडलं होतं, ते दीर्घ करायचं, एवढंच काम. बोट शि च्या पुढे टेकवलं, बॅकस्पेस दाबलं, दीर्घ वेलांटी दिली आणि पुढच्या ओळीवर गेले. संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातल्या प्रेसवाल्या दादांचा फोन, "ताई, हे आशिर्वीद काय करून ठेवलं तुम्ही?"

झालं असं की कर्सर शि च्या पुढे लागलाच नव्हता, तो र्वा च्या पुढे लागला होता. मग बॅकस्पेसनं वा चा काना गेला आणि माझी दीर्घ वेलांटी जाऊन बसली व ला. वरून त्या रफारामुळे नजर पण फसते, र दिसतो वा च्या डोक्यावर आणि मोजायचा असतो शि च्या लगेच नंतर. दादांनी छापायच्या आधी पाहिलं म्हणून ठीक, नाहीतर पाचशे पत्रिका मला माझ्या पैशानं परत छापून द्याव्या लागल्या असत्या. त्या रात्री झोप नाही आली मला, खरं सांगते.

आपल्या लिपीत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर, सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि कर्सर फक्त पूर्ण अक्षराच्या आधी किंवा नंतरच लागतो, जोडाक्षराच्या मधोमध तो जातच नाही. म्हणजे जागा अगदी नेमकी साधावी लागते. अँड्रॉइडवाले स्वतः ॲप बनवणाऱ्यांना सांगतात की बोटानं दाबायचं बटण कमीत कमी ४८ डीपी (हे स्क्रीनवरचं माप) ठेवा, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. आणि टॅबवर पान पूर्ण दिसेल असं ठेवलं तर माझं एक अक्षर दोन-तीन मिलिमीटरचं असते. जिथं बोट ठेवायचं तेच बोटाखाली झाकलं जाते, मग दिसणार कसं? अँड्रॉइड ९ पासून ते छोटं भिंग येते ना कर्सर ओढताना, ते बरं आहे, पण बोट उचलायच्या क्षणी कर्सर जरासा सरकतोच, आणि मला तर एका पानावर तीसचाळीस वेळा हे करावं लागते.

त्यात आपला नागपूरचा मे. पारा ४५ च्या वर, बोटाला घाम, आणि कूलरसमोर बसलं तर त्याचे बारीक तुषार स्क्रीनवर. ह्या स्क्रीनला दाब कळत नाही, तिला विजेच्या भारातला फरक कळतो, म्हणून पाण्याचा थेंब पण तिला बोटासारखाच वाटू शकतो. माझं पान आपोआप वर खाली पळून राहिलं होतं, एकदा तर अख्खा परिच्छेद सिलेक्ट होऊन उडाला, नशीब अनडू असते. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना हे समजणार नाही, पण कूलरवाल्या घरांमध्ये हे रोजचं आहे.

तर माऊस. पहिला घेतला तो चुकला, त्याचंही सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. घराजवळच्या एका दुकानातून साडेतीनशेचा डोंगलवाला, म्हणजे यूएसबीत छोटा रिसीव्हर लावावा लागतो तसा घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. टॅबला आपलं मोठं यूएसबी नसते, टाइप सी असते, म्हणून शंभराचा ओटीजी अडॅप्टर वेगळा. जोडला आणि लगेच स्क्रीनवर बाण आला, काही डाउनलोड नाही काही नाही, मी तर बघतच राहिले. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ पासून आहे आणि आपल्याला कुणी सांगत नाही! पण दोन दिवसांत अडचण कळली. टॅबला भोक एकच, त्यात डोंगल असेल तर चार्जिंग कुठून करायचं. चार्जिंग आणि यूएसबी दोन्ही चालणारे हब मिळतात पण ते महाग. शिवाय तो अडॅप्टर बाजूला दोन इंच बाहेर येतो, उशीला लागला, ओढणीत अडकला, की टाइप सीचं तोंड ढिलं व्हायची भीती. आणि तो माऊस दोन महिन्यांत एका क्लिकला दोन क्लिक द्यायला लागला, दुकानदारानं वॉरंटी नाही म्हणून हात वर केले.

मग मात्र नीट चौकशी करून जयप्रकाश नगरहून मेट्रोनं बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले, टॅब पिशवीत घेऊनच. हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला समजा, आपला टॅब सोबत न्या आणि दुकानातच जोडून पहा. मी गेले तिथला मुलगा चांगला होता, कंटाळला नाही, तीन माऊस काढून दिले. पहिला जोडला तर बाण हलेचना, मला वाटलं खराब आहे, तो म्हणे, "ताई, काच आहे ना काउंटरची," आणि बिलबुक ठेवलं माऊसखाली, लगेच चालायला लागला. माऊसच्या पोटात बारीक कॅमेऱ्यासारखं असते, ते खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढून कुठे सरकलो ते ठरवते, साध्या काचेत त्याला पाहायला काही खूणच सापडत नाही. काचेचं टेबल असेल घरी तर पेपर टाका खाली, चालून जाते.

शेवटी लॉजिटेकचा पेबल एम ३५० घेतला. हा ब्लूटूथवर पण चालतो आणि डोंगल पण सोबत येतो, खालच्या बटणानं इकडून तिकडे बदलता येते. टॅबला ब्लूटूथनं जोडला, टाइप सी मोकळं, डोंगल भाच्याच्या कॉम्प्युटरला लावून ठेवला म्हणजे त्याच्याकडे गेले की तिथं पण हाच. एक साधा पेन्सिल सेल लागतो, पहिलाच सेल अजून चालू आहे. क्लिकचा आवाज जवळपास नाहीच, रात्री अकरा-बाराला घरचे झोपले असताना काम करणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख आहे ते तिलाच माहीत.

आता कामाचं. माऊसचा बाण अक्षरांवर नेला की त्याची उभी बारीक रेघ होते, ती शि आणि र्वा च्या बरोबर मध्ये ठेवायची, क्लिक, संपलं. डोळ्यासमोर सगळं उघडं, बोट मध्ये नाही. डबल क्लिकनं शब्द सिलेक्ट होतो, दाबून ओढलं की ओळ, बोटानं सिलेक्ट करताना येणाऱ्या त्या निळ्या थेंबांशी झटापट नाही. चाकानं पान सावकाश सरकते, दोन फायली शेजारी शेजारी लावून मूळ हस्तलिखिताचा फोटो डावीकडे आणि टाइप केलेलं उजवीकडे ठेवून तपासता येते. पंधरा पानांचा अहवाल आधी दोन दिवस खायचा, आता एका दिवसात होतो. खांद्याचं दुखणं पण कमी झालं, स्टँडवर उभ्या ठेवलेल्या टॅबला सारखा हात उचलून बोट लावणं दिवसभर केलं की खांदा भरून येतो, ते मला माऊस आल्यावरच कळलं, आधी मी उशीला दोष देत होते.

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, माऊस अँड ट्रॅकपॅड इथं जाऊन बाणाचा वेग आधी कमी करा. उजवं बटण काय करेल ते पण तिथेच ठरते.

काय होत नाही ते पण लिहिते. दोन बोटांनी मोठं-लहान करणं एका बाणानं जमत नाही, त्याला मी बोटच वापरते, डावा हात स्क्रीनला आणि उजवा माऊसला अशी सवय झाली आहे आता, बोट लावलं की बाण गायब होतो आणि माऊस हलवला की परत येतो. सही करायची, चित्र काढायचं, तिथं माऊस नको, पेन घ्या. कडेवरून बोट सरकवून मागे जाणं माऊसनं फार किचकट वाटते, त्यापेक्षा खाली तीन बटणंवाली पट्टी चालू करा. आणि ब्लूटूथ माऊस थोडा वेळ पडून राहिला की झोपतो, हलवल्यावर जागा व्हायला एखाद-दोन सेकंद लागतात, बिघडला समजून घाबरू नका.

आयपॅडवाल्यांसाठी, माझ्या मावसबहिणीकडे आहे म्हणून माहीत, तिथं माऊस २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ सोबत आला पण हाताची अडचण असणाऱ्यांसाठीच्या असिस्टिव्हटच ह्या सोयीत लपलेला होता, नीट सोय मार्च २०२० मध्ये १३.४ ला आली. तिथं आधी बाण नव्हता, गोल ठिपका होता, आणि तो बटणावर गेला की बटणाचाच आकार घ्यायचा, २०२५ च्या आयपॅडओएस २६ पासून मात्र तिथंही बाण आला. जुना आयपॅड असेल तर आधी सॉफ्टवेअर कोणतं आहे ते बघा.

आता बाबांचं. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७३, हात थरथरतात, डॉक्टरांनी इसेन्शियल ट्रेमर सांगितलं आहे. टॅबवर बोट ठेवायला गेले की एकाच्या जागी दोनदा लागते, नाहीतर लागता लागता घसरते आणि टॅबला वाटते पान सरकवलं. शिवाय वयानं बोटं कोरडी पडलेली, कधी कधी तर स्क्रीनला बोट कळतच नाही, मग ते जोरात दाबायचे, आणि जोरात दाबून ह्या स्क्रीनला काही फरक पडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या आणि ह्याच चिडचिडीत सोडून दिल्या. मला ते फार लागलं होतं, कारण बोलायला बसले की दोन तास तरी उठत नाहीत, सगळं लख्ख आठवते त्यांना.

माऊस त्यांच्या हातात देताना मलाही खात्री नव्हती. पहिल्या दिवशी बाण सगळ्या स्क्रीनभर नाचला. मग वेग अगदी कमी केला, बाण मोठा आणि रंगीत केला, आणि सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये एक सोय सापडली, बाण एका जागी थांबला की आपोआप क्लिक होतो, बटण दाबायचंच नाही. साध्या अँड्रॉइडमध्ये ०.२, ०.६ आणि १ सेकंद असे पर्याय असतात, बाबांना मी एक सेकंद ठेवला. बटण दाबतानाच त्यांचा हात सगळ्यात जास्त हलायचा, तेच काम निघून गेलं. तरी दिवाणावर बसून हात अधांतरी राहायचा, तर त्यांनीच उपाय काढला, शाळेतलं परीक्षेचं जुनं पुठ्ठ्याचं पॅड मांडीवर घेतलं, क्लिपची बाजू बाहेर, कोपर लोडावर टेकवलं आणि मनगट पॅडवर. कोपर टेकलं की थरथर बरीच कमी होते त्यांची. मी बाजूला बसून पाहत होते, बाण हळूहळू कीबोर्डवरच्या त्या माइकच्या चिन्हावर गेला, थांबला, एक सेकंद, आणि माइक सुरू झाला. बाबा बोलायला लागले. बोलून टाइप झालेलं मी तपासते, चुका असतात, पण मला तेच तर काम येते.

त्यांना मी सांगितलं की हा माऊस डग्लस एंगलबार्ट नावाच्या माणसानं काढला, पहिला तर लाकडी खोका होता खाली दोन चाकं असलेला, आणि ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना चालवून दाखवला. बाबा म्हणाले, "म्हणजे मी मॅट्रिकला होतो तेव्हा," आणि तेही लिहून घेतलं त्यांनी आठवणीत.

ज्यांच्या घरी हात थरथरणारं कुणी आहे त्यांनी ट्रॅकबॉल पण बघा, तो माऊस जागेवरच राहतो आणि त्याचा गोळा अंगठ्यानं किंवा बोटांनी फिरवायचा असतो, बर्डीच्या त्याच दुकानात होता. मी बाबांना घेऊन दाखवणार होते पण पायऱ्या चढायला ते तयार नव्हते, दुकानातला मुलगा म्हणाला घरी नेऊन दोन दिवस वापरून पहा. किंमत साध्या माऊसपेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून मी आधी पॅड आणि लोडावरच भागवलं.

माझ्या कामासाठी ह्या जोडीला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा मार्क झूमसाठी कापला. बाबांच्या कामासाठी पूर्ण पाच. आता अडचण एवढीच की दुपारी तीन ते पाच माऊस आणि टॅब दोन्ही त्यांच्याकडे असतात आणि माझी प्रूफं पडून राहतात, सध्या ते १९७८ च्या शाळेच्या गॅदरिंगपर्यंत आले आहेत. लॅपटॉप दुरुस्तीला टाकते आहे ह्या आठवड्यात, आणि शनिवारी बर्डीला जाऊन माझ्यासाठी दुसरा पेबल आणते, वेगळ्या रंगाचा, म्हणजे अदलाबदल नको.