दुधारी पात्याचे नऊ महिने

दाढीचं कार्ट्रिज, म्हणजे एकाखाली एक पाती बसवलेलं रेझरचं बदलायचं डोकं, सोडलं ते मानेमुळे. जबड्याखाली डावीकडे दाढीच्या दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या यायच्या, त्यातल्या एखाद्याचं केसतूड व्हायचं. कॉलर घासली की जीव जायचा. रेझर पाच पात्यांचा, महागातला, त्यामुळे दोष आपल्या कातडीचा असंच मी धरून चाललो होतो.

मग कळलं की हे त्या रचनेतच आहे. पहिलं पातं केस किंचित ओढून कापतं आणि तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला आणखी खालून छाटतं. हात फिरवला की गुळगुळीत लागतं खरं, पण केसाचं टोक कातडीच्या खाली गेलेलं असतं. केस कुरळा असेल तर बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. माझे मानेवरचे केस तसेच आहेत. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आलं, तीन पात्यांचं १९९८ मध्ये, पाचांचं २००६ मध्ये. माझी मान मात्र एकाच पात्यावर खूश निघाली.

दुधारी पात्याचा रेझर घेतला तो तीन सुट्या भागांचा: टोपी, खालची पट्टी आणि दांडा. किंग कँप जिलेटने १९०३ साली विकायला काढलेल्या रेझरचीही रचना हीच होती. मध्ये जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं पातं, टोपी आवळली की कमानीसारखं वाकून घट्ट बसतं. पातं बदलताना ते आखूड बाजूंनी धरायचं. हे मी वाचलं होतं, तरी पहिल्याच आठवड्यात अंगठा कापून घेतला.

पहिले पंधरा दिवस खराब गेले. खरा त्रास रेझरचा नव्हता, माझ्या हाताचा होता. कार्ट्रिजची मान लवचिक असते, दाबलं तरी ती सांभाळून घेते, आणि इतक्या वर्षांत मला दाबूनच दाढी करायची सवय लागली होती. इथे दाबलं की रक्त. दांडा अगदी खाली, शेपटाशी, दोन बोटं आणि अंगठ्याने धरायला लागलो तेव्हा कुठे हात हलका पडला. रेझरचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, तेवढंच पुरतं. कोन साधारण तीस अंशांचा म्हणतात, पण आरशासमोर अंश कोण मोजणार? मी कानावर जातो. कोन जमला की खुंट कापल्याचा बारीक करकर आवाज येतो. आवाज बंद झाला की एक तर कोन चुकलाय, नाहीतर तिथे कापायला केसच उरलेला नाही.

दुसरी गोष्ट फेसाची. सुरुवातीला माझा फेस साबणाच्या जाहिरातीसारखा फुगायचा आणि अर्ध्या दाढीत गालावर वाळून जायचा. पाणी कमी पडत होतं. आता ब्रश साबणावर अर्धा मिनिट घोळवतो, मग चेहऱ्यावरच फिरवत थोडं थोडं पाणी घालत राहतो, फेस दह्यासारखा चकचकीत होईपर्यंत. त्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजवणं मी कधीच टाळत नाही, कारण ओला केस कोरड्यापेक्षा खूप सहज कापला जातो. ब्रश सिंथेटिक आहे. बिज्जूच्या केसांचाही वापरून पाहिला, पण तो वाळायला वेळ लावतो, आणि मला फरक फारसा जाणवला नाही.

मानेचा प्रश्न मात्र एका संध्याकाळी सुटला. दोन दिवस दाढी वाढू दिली आणि बोटाने चाचपून केसांची दिशा पाहिली. गालावर सरळ खाली, उजव्या मानेवरही खाली, पण डाव्या मानेवर चक्क आडवी, कानाकडे! म्हणजे इतकी वर्षं मी तिथे ‘सुलटी’ समजून आडवीच करत होतो. आता पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, दुसरा आडवा. केसांच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे उलटा, फक्त गालांवर. शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवतो. जिथे चुरचुरते तिथे आज जास्त दाबलं गेलं, हे लगेच कळतं.

पैसे वाचतात का? पात्यांवर नक्की वाचतात, पण साबणांवर माझे तितकेच गेले. कपाटात चार आहेत आणि पाचवा घ्यायचा नाही असं ठरवून झालंय. पातं पाच दाढ्यांनंतर टाकतो. कोणतं पातं चांगलं, यावर माझं मत विचारू नका. एकाला लोण्यासारखं वाटलेलं पातं माझ्या हनुवटीवर ओढत होतं. दोन-चार प्रकारची थोडी थोडी घेऊन स्वतःच पाहावं लागतं.

वेळ पूर्वी पाच मिनिटं लागायचा, आता बारा-पंधरा. घाई असेल त्या दिवशी सरळ खुंट ठेवून जातो. विमानप्रवासात सुटी पाती हातातल्या बॅगेत चालत नाहीत, म्हणून जुना कार्ट्रिजचा दांडा अजून आहे. मागे तीन दिवस तोच वापरला आणि चौथ्या दिवशी डाव्या मानेवर दोन पुळ्या हजर. एरवी आता क्वचितच येतात. गळ्याच्या घाटीवर मात्र अजूनही मी श्वास रोखून एकच हात मारतो आणि उरलेले खुंट तसेच सोडून देतो.